घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना आठवड्यातून तीन तासांची मोकळीक : मराठवाड्यात हे काम कसे रुजेल?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. अंथरुणाला खिळलेल्या, विस्मरणाचा आजार जडलेल्या किंवा ज्याच्याजवळ सतत कोणीतरी असावेच लागते अशा माणसाची शुश्रूषा घरातच करणाऱ्या व्यक्तीला नियमित मोकळीक कशी मिळेल, या एकाच विषयावर हा धागा काढत आहे. रुग्णाविषयी, औषधांविषयी, खर्चाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पण त्याच्या उशाशी वर्षानुवर्षे बसलेल्या बाईची (बहुतेक घरांत ती बाईच असते) चौकशी होते ती 'आता कसे आहेत ते?' एवढ्या प्रश्नापुरतीच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करतात आणि त्यात दिवसाची सरासरी १४० मिनिटे घालवतात. पुरुषांच्या बाबतीत हे आकडे २१.४ टक्के आणि ७४ मिनिटे असे आहेत. यात मुलांचे संगोपनही धरलेले आहे. ज्या घरात पूर्ण परावलंबी रुग्ण आहे, तिथे १४० मिनिटे सकाळचा चहा होण्याआधीच संपलेली असतात.

आमच्या वसाहतीतल्या काही निवृत्त शिक्षकांनी, बँकेतल्या मंडळींनी आणि गृहिणींनी मिळून अशा घरांत जाऊन बसण्याचे काम सुरू केले आहे. एका घराला दोन स्वयंसेवक नेमून दिलेले असतात, वार ठरलेला असतो आणि वेळ तीन तासांची असते. या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि तेच चर्चेसाठी मांडतो : सांभाळणाऱ्या व्यक्तीला मदत मागावी लागू नये. 'काही लागले तर सांगा' हे वाक्य सगळे नातेवाईक मनापासूनच म्हणतात. पण मागायची वेळ आली की ती बाई आपले कारण पुरेसे मोठे आहे का, हे तोलत बसते. लग्न, मयत किंवा बँकेचे काम या कारणांसाठी ती कोणाला तरी बोलावते. झोप झालेली नाही, पाठ मोडून आली आहे, नुसते मोकळ्या हवेत फिरून यावेसे वाटते, ही कारणे तिच्या तराजूत कधीच पुरेशी भरत नाहीत. म्हणून ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी माणूस दारात उभा राहिला पाहिजे आणि त्या दिवशी तिला काही काम असो वा नसो, ते तीन तास तिचे असले पाहिजेत.

पहिल्या दोन भेटींत ती घरातच थांबते. स्वयंसेवकाने त्या वेळी फक्त पाहायचे असते : रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारतात, चमचा कोणत्या बाजूने देतात, चष्मा कुठे ठेवलेला असतो, कोणत्या आवाजाने तो दचकतो. त्यानंतर ती बाहेर पडते, तीही पहिल्यांदा थोडा वेळच. स्वयंसेवक इंजेक्शन देत नाहीत, जखमेची पट्टी बदलत नाहीत, पैशांना हात लावत नाहीत, कोणत्याही कागदावर सही करत नाहीत आणि उपचारांविषयी सल्लाही देत नाहीत. घरकामही ते करत नाहीत, कारण परका माणूस आपल्या घरातली भांडी घासणार म्हटल्यावर ती बाई आदल्या रात्री जागून सगळी भांडी स्वतः घासून ठेवते, असे आम्ही पाहिले. ती परत आल्यावर कुठे गेली होती, हे कोणीही विचारायचे नाही, हा आमचा सर्वांत कडक नियम आहे.

एक गोष्ट इथल्या मंडळींना वेगळी समजावून सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे, आणि नळ आजही रोज येईल असे गृहीत धरून इथे कोणी दिवसाची आखणी करत नाही. रुग्णाच्या चादरी, दुपटी, कपडे यांची धुणी नळाच्या दिवशीच निघतात. त्यामुळे भेटीचा वार ठरवताना आम्ही आधी पाण्याचे वेळापत्रक विचारतो. नळ आलेला असताना कोणतीही बाई घर सोडणार नाही. आपल्या भागात असे काही चालू असल्यास, किंवा सुरू होऊन बंद पडले असल्यास, सविस्तर लिहावे.

दुधनाकाठ (सेलू)

मांजराकाठ, आपण मागण्याविषयी जे लिहिले आहे ते शब्दशः खरे आहे. माझ्या सासऱ्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले आणि वाचाही गेली. यजमान मोंढ्यात दुकान सांभाळतात, सासूबाई नाहीत, जाऊबाई पुण्याला असतात. ओळखीच्या एका मंडळाने दोन तास माणूस पाठवण्याची तयारी दाखवली तेव्हा मी नकार दिला होता. बाहेरचा माणूस सासऱ्यांना सांभाळायला येतो हे गल्लीत कळले, की 'सुनेला म्हातारा जड झाला' असे बोलायला किती वेळ लागतो, हे इथल्या प्रत्येक सुनेला माहीत आहे. शेवटी यजमानांनीच हा विषय लावून धरला आणि शेजारच्या काकूंना त्यांनी स्वतः जाऊन सांगितले, की ही व्यवस्था मी केलेली आहे. घरातल्या पुरुषाने हे उघडपणे सांगितल्याने माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. ज्या मंडळांना हे काम करायचे आहे त्यांनी पहिल्या भेटीत मुलाशी बोलावे, केवळ सुनेशी नव्हे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आमच्याकडे एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक काका येतात. मामंजींशी काय बोलावे, हा प्रश्न त्यांना पहिल्या दिवशी पडला, तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या मार्गावरचे थांबे ओळीने म्हणायला सुरुवात केली : गढी, माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी. मामंजींची सासुरवाडी पाथरीची. ते नाव आले की मामंजी डावा हात उचलतात आणि काका तोंडाने सिंगल बेल देऊन 'पाथरीवाले उतरा' असे म्हणतात. आता काका आले की मामंजींचे डोळे आधीच दाराकडे लागलेले असतात. ज्या माणसाशी दिवसभर आपण 'तोंड उघडा', 'कूस बदला', 'हात सोडा' एवढेच बोलतो, त्याच्याशी कोणीतरी गप्पा मारत आहे, हे पाहून मला जो दिलासा मिळाला तो मोकळ्या वेळाहूनही मोठा होता.

आणि त्या वेळात मी काय केले, तर पलीकडच्या खोलीत दार लावून झोपले. बरेच दिवस मी घराबाहेर गेलेच नाही. बाहेर जाण्याचा आग्रह कोणी करू नये, हेही आपल्या नियमांत असावे असे वाटते.

निवृत्त परिचारिका (अंबाजोगाई)

विषय फार आवश्यक आहे, परंतु चांगल्या मनाच्या स्वयंसेवकाकडूनही रुग्णाला इजा होऊ शकते, म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहिते. अर्धांगवायूच्या रुग्णाला सर्वाधिक धोका ठसक्याचा असतो. त्याला भरवायचे झाल्यास पाठीला उशा लावून ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, लहान चमच्याने चांगल्या बाजूच्या गालात घास द्यावा आणि घास गिळला गेल्याचे दिसल्याशिवाय दुसरा देऊ नये. पातळ पाण्याने अशा पुष्कळ रुग्णांना घट्ट पदार्थापेक्षा लवकर ठसका लागतो, त्यामुळे 'घोटभर पाणी तर पाजले' या सद्भावनेतूनच अनर्थ होतो. खाताना खोकला आला किंवा आवाज घोगरा, ओलसर झाला तर तिथेच थांबावे. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. नाकातून नळी असलेल्या रुग्णाला स्वयंसेवकाने अन्न देऊच नये. भेटीची वेळ दोन आहारांच्या मधली ठेवावी.

अंथरुणात असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, म्हणजे तीन तासांच्या भेटीत एकदा तरी हे काम येणारच. त्याला ओढू नये; खालच्या चादरीला दोघांनी धरून उचलून सरकवावे, कारण ओढण्याने कातडी सोलवटते. माकडहाड, टाचा आणि खुबा या जागा पाहाव्यात. एखाद्या ठिकाणी लाली दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही ती पांढरी पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी. तिथे चोळू नये, आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगावे. लुळ्या पडलेल्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून रुग्णाला कधीही उठवू नये, खांदा निखळतो. लघवीची पिशवी कमरेच्या पातळीखाली राहील, पण जमिनीला टेकणार नाही, अशी अडकवावी. मधुमेही रुग्ण एकाएकी घामाघूम झाला, थरथरू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल तरच साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ ला फोन करावा. तोंड वाकडे होणे, नव्याने हातपाय लुळा पडणे, श्वास लागणे अशा वेळी ते कधी सुरू झाले याची नोंद घ्यावी, कारण रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारतात. आणि ज्या स्वयंसेवकाला स्वतःला सर्दी-ताप आहे, त्याने त्या आठवड्यात जाऊ नये.

हे सगळे एका बैठकीत ऐकून कोणाच्याही लक्षात राहत नाही. प्रत्यक्ष पलंगावर निरोगी माणसाला झोपवून त्याची कूस बदलण्याचा सराव करावा. स्वतः झोपून पाहिलेला स्वयंसेवक पुढे रुग्णाला हात लावण्याआधी सांगतो, 'आता तुम्हाला डावीकडे वळवतो'. इतरांना हे सुचतच नाही.

बालाघाट (बीड)

सर्वांचे लेखन वाचले. आपल्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र ही सगळी चर्चा शहराच्या आणि तालुक्याच्या गावांची आहे, हे नमूद करणे भाग आहे. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपीच्या जोडपी उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेतली नातवंडे. अशा घरात म्हातारा अंथरुणाला असेल तर त्याला सांभाळणारी म्हातारी स्वतः सत्तरीची असते, आणि तिच्याच जिवावर दोन-तीन नातवंडेही असतात. सुनेने थांबावे तर कोयता (नवरा-बायकोची तोडणीची जोडी) मोडतो, उचल अंगावर राहते. या म्हातारीला आठवड्यातून तीन तासांची मोकळीक देऊन काय साधणार? तिला पाच-सहा महिने रोज कोणीतरी हवे आहे.

दुसरे असे की गावात स्वयंसेवक म्हणून कोण येणार? पुन्हा बायकाच. आशाताईंच्या माथ्यावर आधीच इतकी कामे आहेत, की नव्या योजनेत 'आशांच्या मदतीने' हे शब्द वाचले तरी त्यांच्या जिवाचा थरकाप होतो. मजुरी करणाऱ्या बाईने अर्धा दिवस सेवेला दिला तर तिची अर्ध्या दिवसाची रोजंदारी बुडते. पेन्शन असलेल्या माणसाची सेवा आणि हातावर पोट असलेल्या बाईची सेवा यांना एकाच मापाने मोजू नये. एका बाईचे विनावेतन कष्ट दुसऱ्या बाईच्या विनावेतन कष्टांनी हलके करणे, हा उपाय मला अपुरा वाटतो.

मांजराकाठ (लातूर)

बालाघाट, आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच त्याला वळसा घालून पुढे जात नाही. या बाबतीत केरळचे उदाहरण आपल्या दोघांच्याही म्हणण्याला उपयोगी आहे. १९९३ मध्ये कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमन व परिहार सेवेची (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणारी सेवा) संस्था उभी केली. पुढे त्यातून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे निर्माण झाले आणि २००८ मध्ये केरळ सरकारने परिहार सेवेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, ज्यामुळे पंचायतींच्या आरोग्य यंत्रणेतून घरोघरी जाणारी परिचारिका हा व्यवस्थेचा भाग झाला. स्वयंसेवक तिथे पुष्कळ आहेत, पण ते पगारी परिचारिकेच्या जोडीने काम करतात. परिचारिका नसती तर स्वयंसेवक थकून गेले असते, आणि स्वयंसेवक नसते तर परिचारिका वीस मिनिटांत पुढच्या घरी निघून गेली असती. आपण म्हणता तो म्हातारीचा प्रश्न केवळ शेजारधर्माने सुटणार नाही. तिथे ग्रामपंचायतीने आणि सरकारने पैसा खर्च केलाच पाहिजे. स्वयंसेवकांची कामगिरी ही त्या मागणीला पर्याय म्हणून कोणी पुढे करत असेल तर मी आपल्या बाजूने उभा राहीन.

मजुरीविषयीही आपल्याशी सहमत आहे. ज्यांची रोजंदारी बुडते त्यांना मानधन द्यावे आणि ते 'प्रवासखर्च' असे आडवळणाने न देता मानधन म्हणूनच द्यावे.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

धाग्यात वृद्धांविषयी पुष्कळ आले आहे, म्हणून मुलांविषयी लिहिते. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे आणि त्याला अधूनमधून झटके येतात. वृद्ध रुग्ण सांभाळणाऱ्या सुनेला नातेवाईक निदान दोन शब्द चांगले बोलतात. अपंग मुलाच्या आईने थकल्याचे नाव काढले, तर 'तुझेच लेकरू आहे ना' असे उत्तर येते. माझे मूल मला जड नाही. पण त्याला उचलता उचलता माझी कंबर जड झाली आहे, आणि तो वयात येत असताना त्याचे वजन वाढतच जाणार आहे.

माहितीसाठी सांगते, की स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला आहे. त्याच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते आणि 'समर्थ' ही योजना तर पालकांना काही काळ विसावा मिळावा, याच हेतूने आखलेली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना मोठ्या प्रमाणावर आधाराची गरज आहे अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. हे शब्द कायद्यात आहेत, हे माहीत असले तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज घेऊन उभे राहताना आवाज कापत नाही. मात्र अशा योजनेतले निवासी केंद्र कितीही चांगले असले तरी माझा मुलगा नव्या जागी रात्रभर रडतो. त्याच्या ओळखीच्या भिंती, त्याची गादी, त्याचा पंखा हे सगळे तसेच राहून फक्त माणूस बदलणार असेल, तर ते त्याला सोसते. म्हणून घरी येणाऱ्या स्वयंसेवकाचे मोल मला अधिक वाटते.

अशा घरात जाणाऱ्यांना झटक्याविषयी शिकवल्याशिवाय पाठवू नये. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला कराव्यात आणि घड्याळ पाहावे. दातांमध्ये चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, पाणी पाजू नये. कांदा किंवा चप्पल नाकाशी धरण्याची आपल्याकडची रीत पूर्णपणे सोडून द्यावी. तिने झटका थांबत नाही. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, किंवा एकामागून एक येऊ लागले, तर तातडीने रुग्णालय गाठावे. माझ्याकडे येणारी महाविद्यालयीन मुलगी पहिल्या झटक्याच्या वेळी घाबरली, पण तिने वेळ मोजली आणि मुलाला कुशीवर ठेवले. त्या दिवसानंतर मी निर्धास्तपणे बाजारात जाऊ लागले.

कयाधू (हिंगोली)

माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. 'लासी' या वार्धक्याविषयीच्या राष्ट्रीय अभ्यासाच्या आधारे केलेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढच्या व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार आहे. तरीही इथे अजून 'वय झाले की विसरतेच माणूस' असे म्हणून तो सोडून दिला जातो, आणि त्यामुळे सांभाळणाऱ्याची दमणूक कोणाच्या डोळ्यांना दिसतच नाही. वडील हिंडते-फिरते आहेत, जेवतात, बाहेरच्या माणसाशी दोन मिनिटे अगदी नीट बोलतात. पाहुण्यांना वाटते, यात सांभाळण्यासारखे काय आहे? संध्याकाळ झाली की मात्र 'मला घरी जायचे आहे' असे म्हणत ते कडी काढू पाहतात आणि स्वतःच्याच घरात घर शोधत फिरतात.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त मुस्लिम शिक्षक त्यांच्याजवळ बसायला येतात, त्याविषयी सांगावेसे वाटते. वडिलांचे प्राथमिक शिक्षण १९४८ च्या आधी, निजामाच्या अमलात, उर्दूतून झाले. पुढचे सगळे आयुष्य मराठीत गेले, आम्ही मुलांनी त्यांच्या तोंडून उर्दू क्वचितच ऐकली. आजार वाढला तसे अलीकडचे पुसले गेले आणि शाळेतले वर आले. ते मध्येच उर्दूत काही म्हणत आणि आम्हाला उत्तर देता येत नसे. त्यावर ते चिडत. गुरुजी आले, त्यांनी उर्दूतच विचारपूस केली, आणि वडिलांनी त्यांना हातातल्या काठीने फरशीवर अलिफ (उर्दूचे पहिले अक्षर) काढून दाखवला. आता गुरुजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात आणि वडील त्यांचे उच्चार सुधारतात. ते सुधारणे बहुधा चुकीचेच असते, पण गुरुजी प्रत्येक वेळी 'जी' म्हणून तसेच पुन्हा वाचतात. वाद घालायचा नाही, चूक दाखवायची नाही, या आजाराच्या माणसाशी बोलण्याचा हा मूळ नियम त्यांना कोणी शिकवलेला नव्हता.

घरी कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या घरी कोणी जावे, या गोष्टी आपल्या गावांत अजून पाहिल्या जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. मंडळांनी त्यापुढे झुकून जातवार याद्या करू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे. स्त्री रुग्णाकडे स्त्री आणि पुरुष रुग्णाकडे पुरुष जावा, ही अट मात्र योग्य आहे. त्यासाठी पुरुषांनी मोठ्या संख्येने पुढे यावे लागेल, आणि बालाघाट यांच्या आक्षेपाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

तेरणा (धाराशिव)

एक अडचणीचा प्रश्न विचारते. स्वयंसेवक घरात असताना रुग्ण पलंगावरून पडला, किंवा त्याच वेळी त्याचे निधन झाले, तर जबाबदार कोण? आणि घरातली एखादी वस्तू सापडेनाशी झाली तर? आमच्याकडे अशाच एका संशयावरून चांगले चाललेले काम थांबले.

मांजराकाठ (लातूर)

तेरणाताई, यासाठीच स्वयंसेवक दोघे असतात. एकट्याने जाणे सोयीचे वाटते, परंतु त्यात रुग्ण, घर आणि स्वयंसेवक या तिघांचीही सुरक्षितता कमी होते. कपाटाची किल्ली घरच्यांनी बरोबर न्यावी, असे आम्ही स्वतःच सांगतो. त्यात कोणाला अपमान वाटू नये म्हणून ते सर्व घरांना सारखेच सांगितले जाते. पहिल्या भेटीत एक कागद लिहून घेतला जातो : आजाराचे नाव, चालू औषधे, कोणत्या डॉक्टरांकडे आणि रुग्णालयात न्यायचे, फोन कोणाकोणाला करायचा. अखेरच्या अवस्थेतील रुग्ण असेल तर घरच्यांचे डॉक्टरांशी काय ठरले आहे, हेही त्यांच्या तोंडून ऐकून घेतो, कारण अशा वेळी धावपळ करून रुग्णालयात हलवायचे की जवळ बसून हात धरायचा, हा निर्णय स्वयंसेवकावर पडता कामा नये. निधनाची शक्यता आम्ही घरच्यांशी आधीच बोलून ठेवतो. हे बोलणे जड जाते. तरीही ते केलेल्या घरांनी पुढे आम्हाला दोष दिला नाही.

सांभाळणाऱ्या व्यक्तीचा तोल ढळत असल्याचे स्वयंसेवकाच्या ध्यानात आले, तर १४४१६ हा 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाणीचा क्रमांक तिला द्यावा. तिथे मराठीतून बोलता येते. ज्येष्ठांविषयीच्या तक्रारी आणि माहितीसाठी १४५६७ ही 'एल्डरलाइन' आहे.

बालाघाट (बीड)

कयाधू यांचे पुरुषांविषयीचे म्हणणे मला पटले. आमच्या वाडीवर बचत गटाच्या बैठकीत हा विषय मांडला. तीन तासांची मोकळीक हे शब्द तिथे फारसे कोणाला भावले नाहीत. पण हंगामात म्हातारीला तालुक्याला औषधे आणायला किंवा रेशन घ्यायला जायचे असते, तेव्हा म्हाताऱ्याजवळ कोण थांबेल, यावर मात्र सगळ्याजणी एकदम बोलू लागल्या. आजवर अशा वेळी नातीची शाळा बुडवून तिला घरी बसवले जाते. शाळेतल्या मुलीला आजोबांजवळ बसवायचे नाही आणि तिच्या जागी आळीपाळीने मोठे माणूस थांबेल, इतके आम्ही ठरवले आहे. ऊसतोडीला न जाणारे जे थोडे पुरुष वाडीवर आहेत, त्यांचीही नावे यादीत घेतली आहेत. दोघांनी कुरकुर केली, बाकीचे तयार झाले. मानधनासाठी ग्रामसभेत ठराव मांडणार आहोत. त्याचा मसुदा कोणी करून दिल्यास उपकार होतील.

निवृत्त परिचारिका (अंबाजोगाई)

बालाघाट, मी येऊन कूस बदलण्याचा सराव करून घेईन. वाडीवर एक पलंग आणि जुनी चादर एवढीच सोय करावी. पुरुषांना आवर्जून बोलवा.

दुधनाकाठ (सेलू)

एक विनंती सर्व मंडळांना आहे. मी पंचमीला माहेरी गेलेली नाही, त्याला बरीच वर्षे झाली. झोका, मैत्रिणी हे सगळे राहू द्या. माझी आई आता थकली आहे आणि तिच्याजवळ एक रात्र काढावी, एवढीच इच्छा आहे. तीन तासांत सेलूहून माहेरी जाऊन परत येता येत नाही. महालक्ष्म्यांच्या सणालाही घरात माणसांची गर्दी असते, पण मामंजींजवळ कोणी नसते. वर्षातून एक मुक्काम करता येईल अशी सोय कोणी केली आहे का?

मांजराकाठ (लातूर)

ताई, रात्रीची सोय आम्ही आजवर केलेली नाही, कारण रात्री जागण्याची तयारी असलेली आणि रुग्णाच्या ओळखीची अशी दोन माणसे एकदम मिळत नाहीत. आपल्या घरी तर एक माणूस आधीच ओळखीचे आहे. वाहक काकांना आणि आपल्या यजमानांना मिळून रात्रीच्या पाळ्या वाटून घेता येतील का, हे आधी विचारावे : काकांनी रात्री दहापर्यंत आणि पहाटे पाचपासून, मधल्या वेळी यजमानांनी. त्यासाठी यजमानांनी पंचमीच्या आधीच्या आठवड्यांत दोन-तीन रात्री आपल्यासमोरच मामंजींची कूस बदलून पाहावी, म्हणजे त्यांचाही हात बसेल आणि आपल्यालाही माहेरी झोप लागेल. काकांशी मी बोलावे असे वाटत असेल, तर त्यांचा होकार घेऊन मला निरोप पाठवा.